बेसल बॉडी, बेसमेंट मेम्ब्रेन, बेसमेंट रॉक: तिन्हींना ‘पाया’ म्हटलं तर चालेल का?

प्रश्न असा आला आहे: “मावशी, आमच्या मंडळाच्या विज्ञान-शब्दसंग्रहासाठी एक नोंद लिहितेय. परजीवी पेशीतली बेसल बॉडी, शरीराच्या ऊतींमधलं बेसमेंट मेम्ब्रेन आणि भूशास्त्रातला बेसमेंट रॉक या तिन्हींसाठी मी ‘पाया’ हा शब्द घेतला आणि लिहिलं, ‘या तिन्ही रचना आपापल्या वरच्या भागाला भक्कम आधार देतात.’ सरांना पटलं आहे. तुम्ही एकदा नजर घालाल का?”

घातली. वाक्य गोड आहे, पण पहिल्या ठिकाणी ते चुकीचं आहे, दुसऱ्या ठिकाणी अर्धं खरं आहे आणि तिसऱ्या ठिकाणी खरं असूनही कामाचं नाही. यात तुझ्यापेक्षा ‘पाया’ या शब्दाचा दोष जास्त. पाया म्हटलं की आपल्याला बांधकाम दिसतं. आधी खणती, मग पाया भरणं, मग जोतं, मग भिंती. म्हणजे पाया सगळ्यांत खाली, घरापेक्षा आधीचा आणि एकदा भरला की कोणी हात न लावणारा. हे तिन्ही गुण एकत्र असलेली वस्तू तुझ्या यादीत एकही नाही. म्हणून शब्द ठरवण्याआधी प्रत्येकीला दोन प्रश्न विचार: आधी कोण आलं, आणि कोणी कोणाला घडवलं?

मी ३० वर्षांहून जास्त काळ ऊतींच्या स्लाइडी बघते आहे, तेव्हा पहिल्या दोन गोष्टी माझ्या धंद्यातल्या. तिसरी आमच्या घरात दिरांमुळे आली. ते तेलाच्या विहिरींवर होते, आणि जेवताना ‘ट्रॅप (म्हणजे जमिनीखालचा बेसाल्ट खडक) किती मीटरला लागला’ हे वरणभाताइतकं नेहमीचं होतं.

परजीवीपासून सुरू करू. काळा आजार, म्हणजे लेशमानिया या परजीवीचा रोग. गुजरातेत तो रुजलेला रोग नाही, पण बडोद्याच्या आजूबाजूला कारखाने आहेत आणि कामगार बिहारमधून येतात. एका तरुणाला महिनाभर ताप होता, प्लीहा बेंबीपर्यंत वाढली होती आणि रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी घटल्या होत्या. त्याची अस्थिमज्जा काढली. लेशमन रंग देऊन शंभरच्या भिंगाखाली तेल टाकून बसले. पाऊण तास काही नाही. मग एक फुगलेली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी आली, आणि तिच्या पोटात २ ते ४ मायक्रॉनचे लहान लहान अंडाकृती ठिपके. असले ठिपके फसवतात. मॅक्रोफेजवर प्लेटलेट बसली तरी तसंच दिसतं, हिस्टोप्लाझ्मा बुरशीही तशीच दिसते. खात्री कशाने होते? प्रत्येक ठिपक्यात एक गोल टिंब आणि शेजारी एक गडद, बारीक काडी असेल तर. टिंब म्हणजे केंद्रक, काडी म्हणजे कायनेटोप्लास्ट. त्या दिवशी टिंब आणि काडी दोन्ही दिसलं. १९०३ साली लेशमन आणि डोनोव्हन यांनी वेगवेगळ्या ठिकाणी जे वर्णन केलं ते हेच, म्हणून त्याला आम्ही आजही एल.डी. बॉडी म्हणतो.

आता घोटाळा बघ. विद्यार्थी या काडीवर बोट ठेवून ‘ही बेसल बॉडी’ म्हणतात. जुन्या पाठ्यपुस्तकांनी त्यात भर घातली आहे. त्यांच्यात ब्लेफारोप्लास्ट (म्हणजे बेसल बॉडीच), पॅराबेसल बॉडी (म्हणजे शेजारची काडी) अशी नावं असत आणि दोन्ही मिळून कायनेटोप्लास्ट असं लिहिलेलं असे. खरं म्हणजे काडी ही पेशीच्या एकुलत्या एका मायटोकाँड्रियनमधल्या डी.एन.ए.ची चकती आहे, एकमेकांत अडकलेल्या हजारो कड्यांची, चिलखतासारखी विणलेली. बेसल बॉडी तिला लागून आहे, पण ती वेगळी वस्तू. ती नऊ तिहेरी सूक्ष्मनलिकांची नळी असते, रुंदी जेमतेम ०.२ मायक्रॉन. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादाच तेवढी, म्हणून ती मला स्लाइडवर कधीच दिसलेली नाही आणि दिसणारही नाही. तिच्यातूनच कशाभिका उगवते, पेशीचा तो चाबूक.

दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या चिकटून असतात, हे दाखवलं डेरिक रॉबिन्सन आणि कीथ गल यांनी १९९१ मध्ये. पेशी विभागताना दोन बेसल बॉडी एकमेकींपासून दूर सरकतात आणि जाताना आपापली डी.एन.ए.ची चकती ओढून नेतात. म्हणजे बेसल बॉडीचं काम नुसता चाबूक धरून ठेवण्याचं नाही. वाटणीच्या वेळी कोणाला काय मिळणार हेही तीच ठरवते. आधार देणारी म्हणण्यापेक्षा मी तिला घरातली थोरली जाऊ म्हणेन.

दोघींत मूळ कोणती, याचा पुरावा घोड्यांच्या आणि उंटांच्या सर्रा रोगात मिळतो. त्याचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, जो ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० साली डेरा इस्माईल खानला सापडला. याच्या काही वाणांमध्ये कायनेटोप्लास्टचा डी.एन.ए. पार नाहीसा झालेला असतो. तरी परजीवी रक्तात खुशाल वळवळतो, कारण बेसल बॉडी शाबूत असते.

‘आधी कोण’ या प्रश्नाला इथे उत्तर आहे: बेसल बॉडी आधी, कशाभिका नंतर. जुन्या बेसल बॉडीच्या शेजारी एक अर्धवट पिल्लू आधीच तयार असतं, ते पुढे पूर्ण होऊन नवा चाबूक उगवतं. हे पायासारखं वाटेल, पण पाया भिंतीला जन्म देत नाही. आणखी एक पाचर मारून ठेवते. मलेरियाचा परजीवी आपल्या रक्तात असतो तेव्हा त्याच्याकडे बेसल बॉडी नसतेच. डासाच्या पोटात गेल्यावर, दहा-पंधरा मिनिटांत, त्याचा नर आठ बेसल बॉडी शून्यातून उभ्या करतो आणि आठ शेपट्या फटकारत बाहेर पडतात. लाव्हराँ यांनी ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जेरियात भिंगाखाली नेमकं हेच वळवळणं बघितलं आणि हा जिवंत परजीवी आहे हे ओळखलं. आमच्याकडे पावसाळ्यात नळीतलं रक्त जास्त वेळ टेबलावर राहिलं तर क्वचित हा खेळ स्लाइडवरही होतो आणि नव्या तंत्रज्ञाची घाबरगुंडी उडते. तेव्हा ‘वारशाने मिळणारी’ असं नोंदीत ठामपणे लिहू नकोस. ‘बहुधा’ घाल.

आता ऊती. बेसमेंट मेम्ब्रेन म्हणजे अस्तराच्या पेशी ज्यावर बसतात तो पातळ पापुद्रा. रोजच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात तो जवळजवळ दिसत नाही. पी.ए.एस. रंग दिला की जांभळट गुलाबी रेघ उमटते, चांदीचा रंग दिला की काळी. मला चांदीचा आवडतो. मूत्रपिंडाची बायोप्सी चांदीत रंगवून आली की केशिकांचे वेटोळे काळ्या शाईने कोणी नाजूक अक्षर काढावं तसे दिसतात.

हा पापुद्रा कोण करतं? वर बसलेल्या पेशी स्वतः, खालच्या संयोजी ऊतीची मदत घेऊन. लॅमिनिन, चौथ्या प्रकारचं कोलॅजन आणि आणखी काही रेणू ओतून त्या स्वतःची बैठक विणतात आणि आयुष्यभर तिची डागडुजी करत राहतात. म्हणजे इथे घर आधी आणि पाया मागून. सारवण म्हण हवं तर: घरातली बाई रोज आपल्याच पायाखालची जमीन सारवते, तसं.

हे मी तर्काने सांगत नाही. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी नावाचा मूत्रपिंडाचा आजार बघ. पापुद्र्याच्या बाहेरच्या अंगाला प्रतिपिंडांचे कण साचतात. वरच्या पेशी गप्प बसत नाहीत, त्या कणांच्या मधल्या फटींत नवा पापुद्रा ओतत राहतात. चांदीच्या रंगात मग सपाट रेघेऐवजी कंगव्याचे दात दिसतात. ते दात दिसले की निदान बहुतेक तिथेच होतं.

तुझ्या वाक्यातला ‘भक्कम’ शब्द मधुमेहात आपटतो. निरोगी माणसात मूत्रपिंडातला हा पापुद्रा साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटर जाड असतो. मधुमेहात तो जाड होत जातो. जाड म्हणजे मजबूत असं वाटेल, पण होतं उलट, तो गळायला लागतो आणि लघवीतून अल्ब्युमिन जायला लागतं. मी विद्यार्थ्यांना सांगते की ही भिंत नाही, ही गाळणी आहे. गाळणीचं कापड फुगलं आणि वीण बिघडली तर चहात पत्ती येणारच.

कातडीच्या फोडांच्या आजारात तर आम्ही पापुद्रा मुद्दाम फाडतो. कातडीचा तुकडा तीव्र मिठाच्या पाण्यात ठेवला की तो पापुद्र्याच्या मधोमध सुटतो, मग प्रतिपिंडं चमकणाऱ्या रंगाने शोधायची. चमक वरच्या अंगाला आली तर ‘छपरावर’, खालच्या अंगाला आली तर ‘फरशीवर’. बुलस पेम्फिगॉइडमध्ये छपरावर येते. फरशीवर आली तर वेगळा, जास्त हट्टी आजार शोधावा लागतो. म्हणजे ज्याला तू एक पाया म्हणतेस, त्याचंच आमच्याकडे छप्पर असतं आणि फरशीही.

आणि कर्करोग. इथे पापुद्रा म्हणजे उंबरठा. पेशी कितीही बिघडलेल्या असोत, उंबरठ्याच्या आत आहेत तोवर त्यांना रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांची वाट नाही. उंबरठा ओलांडला की रोगाचं नाव बदलतं, शस्त्रक्रिया बदलते, घरच्यांशी बोलायची भाषा बदलते.

यात मी एकदा तोंडावर आपटले आहे. नोकरीची पहिली काही वर्षं, एक मोठं इस्पितळ, नाव नको. गर्भाशयाच्या मुखाची बायोप्सी आली होती. तुकडा तिरका बसवून कापला गेला होता. बिघडलेल्या पेशींची बेटं खालच्या ऊतीत सुटी दिसत होती. मी ‘आक्रमक’ असं लिहून रिपोर्ट पाठवला. संध्याकाळी वरिष्ठांनी स्लाइड हातात घेतली, दोन मिनिटं पाहिली आणि एवढंच विचारलं, “बेटांच्या कडा कशा आहेत?” कडा गोल होत्या, गुळगुळीत. आक्रमक पेशी अशा शिस्तीत राहत नाहीत. मेणाच्या ठोकळ्यातून आणखी खोल काप घेतले आणि सगळी बेटं वरच्या अस्तराला जोडलेली निघाली. बिघडलेल्या पेशी ग्रंथींच्या खळग्यांत उतरल्या होत्या, पापुद्रा मात्र शाबूत होता. तिरक्या कापामुळे खळगे बेटांसारखे दिसले होते. तोवर रिपोर्ट वॉर्डात पोचला होता आणि त्या बाईंच्या यजमानांना बोलावून सांगूनही झालं होतं. जिने चढून वर जाऊन रिपोर्ट परत मागणं, यजमानांसमोर उभं राहणं, हे मला अजून आठवतं. तेव्हापासून शंका आली की खोल काप मागवल्याशिवाय ‘आक्रमक’ हा शब्द लिहीत नाही. पापुद्रा फाटला आहे की माझा काप तिरका आहे, हे आधी ठरवायचं.

भूशास्त्राचं मी दिरांच्या तोंडचं सांगते, पण खडे डोळ्यांनी पाहिले आहेत.

बडोदं शहर गाळावर बसलं आहे. विश्वामित्रीच्या काठाने फिरलीस तर मातीच माती, दगड दिसत नाही. लक्ष्मी विलास राजवाडा आखणारे चार्ल्स मँट इमारत कोसळेल या धास्तीने खचले आणि १८८१ साली गेले, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. पुढे रॉबर्ट चिझम यांनी काम पुरं केलं आणि राजवाडा १८९० पासून उभा आहे. मातीवरच. हे नुसतं जाता जाता.

त्या मातीच्या खाली खंभातच्या खोऱ्याचे गाळाचे थर आहेत, आणि त्यांच्याखाली दख्खनचा बेसाल्ट, ज्याला सगळे ट्रॅप म्हणतात, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. १९५८ मध्ये लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं ते या गाळाच्या थरांत. विहीर खोदताना बरमा एकदम मंदावतो, चाळणीवर येणारा चुरा राखाडी शेलचा (चिखलाच्या दगडाचा) असतो तो काळा-हिरवा व्हायला लागतो, त्यात पांढऱ्या कॅल्साइटचे कण चमकतात. दीर तो चुरा धुऊन भिंगाखाली धरायचे आणि म्हणायचे, “चालो, बेसमेंट आलं.” पुष्कळदा तिथे विहीर थांबवायची.

पण हे कोणाचं बेसमेंट? तेलवाल्यांचं. भूशास्त्रज्ञाला विचारलं तर तो म्हणेल, ट्रॅप हा तर कालचा पोरगा. सौराष्ट्रात ट्रॅप भेदून खाली गेल्यावर मेसोझोइक काळातले गाळाचे थर मिळाले आहेत. कोयनेला मात्र मधे काही नाही. तिथे साधारण किलोमीटरभर बेसाल्ट ओलांडला की थेट ग्रॅनाइट-नाइस लागतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर आजवर तिथे जे धक्के बसतात, ते याच जुन्या खडकातल्या भेगांमधून येतात. खरा तळखडक तो. म्हणजे ‘बेसमेंट’ हे खडकाचं नाव नाही, ते नातं आहे. कोणाच्या हिशोबाने तळ, हे सांगितल्याशिवाय शब्दाला अर्थ नाही.

‘तळ म्हणजे सगळ्यांत खाली’ हेही धरून चालू नकोस. पादरा आपल्यापासून १५-१६ किलोमीटरवर. तिथे तेल मिळतं ते खुद्द ट्रॅपमधून, त्याच्या भेगांतून आणि कुजलेल्या वरच्या भागातून. बेसाल्टमध्ये तेल तयार होत नाही, ते तयार होतं नंतर साचलेल्या शेलमध्ये. मग वरच्या, तरुण थरातलं तेल खालच्या, जुन्या खडकात कसं शिरलं? ट्रॅप काही ठिकाणी उचललेला आहे आणि शेजारच्या खळग्यात तरुण शेल त्याच्यापेक्षा खोल बसला आहे. तेल खालून वर, तिरकं सरकत उंचवट्यात येऊन थांबलं. म्हणजे तळखडक वर आणि त्याच्यावर साचलेला गाळ खाली. दिरांनी तिथला एक खडा मला दिला होता, काळपट हिरवा, मधून पांढरी शीर गेलेली. तो मिठाईच्या डब्यात कापसावर ठेवला आहे.

‘खाली ते जुनं’ हा समजही पावागडाच्या वाटेवर मोडतो. गडाच्या पायथ्याशी चांपानेरचे जुने, दाबाने रूपांतरित झालेले थर आहेत, त्यांच्यावर ट्रॅप. जिथे ट्रॅप थेट त्यांच्यावर टेकला आहे तिथे दोन खडकांच्या मधल्या रेघेवर बोट ठेवलंस तर बोटाखाली कोट्यवधी वर्षं गहाळ असतात. पण चांपानेरच्या थरांत खालून घुसलेला गोध्र्याचा ग्रॅनाइट आहे, वय सुमारे ९५ कोटी वर्षं. तो थरांना छेदून आला, म्हणजे खाली असूनही त्यांच्यापेक्षा लहान.

आता तुझ्या नोंदीचं. बेसल बॉडीला मी ‘मूलकाय’ म्हणेन, कारण मूळ उगवतं आणि उगवू देतं. हा शब्द माझा आहे, मंडळाला रुचला नाही तर सरळ ‘बेसल बॉडी’ देवनागरीत लिहा, काही बिघडत नाही. बेसमेंट मेम्ब्रेनसाठी ‘आधारपटल’ रुळलेला आहे, तो बदलू नका, फक्त व्याख्येत ‘वरच्या पेशींनी विणलेलं’ हे तीन शब्द घाला. ‘तळखडक’ ठेवा आणि पुढे ‘विशिष्ट थरांच्या संदर्भात’ असं जोडा. ‘पाया’ तिन्हींतून काढ. ‘भक्कम आधार देतात’ हे वाक्य पण काढ, त्याच्या जागी काही नवं एकत्र वाक्य घालायचा मोह टाळ, कारण तिन्हींना लागू पडेल असं वाक्य मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.

सरांना समजावताना पादऱ्याचा खडा घेऊन जा, डबा दिवाणखान्यातल्या कपाटात डाव्या हाताला आहे. टिंब-काडीची स्लाइड मात्र देणार नाही. लेशमनचा रंग उडत चालला आहे आणि तशी दुसरी माझ्याकडे नाही. ती घरी येऊनच बघ, रविवारी सकाळी, उजेड असताना.